घरटी एक लाकूड

"गॅसवर बुंदी मी करीत न्हाई," आचारी म्हणाला, आणि तिथून हरिबाची झोप उडाली.

आचारी नेकनूरचा. हाताला चव भरपूर आणि जिभेला गोडवा अजिबात नाही. ओसरीवर मांडी ठोकून त्याने सांगून टाकलं, "लाकडाची भट्टी पाह्यजे. तीबी वाळलेल्या बाभळीची. वल्या फांद्या आणून ठेवल्या तर कढई पालथी घालून निघून जाईन. मागून म्हनू नका सांगितलं न्हाई." मग त्याने दुसरा चहा मागितला, प्याला आणि गेला.

हरिबा म्हणजे नेकनूरजवळच्या वाडीतला शेरडं-मेंढरं राखणारा साधा माणूस. थोडी कोरडवाहू जमीन, बायको ताराबाई आणि एकुलती एक लेक रोहिणी. तिचं लग्न येत्या गुरुवारी. मोसमातली ती शेवटची तिथी. हुकली की एकदम दिवाळीनंतर. नवरदेव थांबलाही असता, पण त्याचे वडील? व्याही राधाकिशन पाटोद्याकडचे. माणूस सज्जन, पण शकुनाचा असा कट्टर की सुपारी फोडायला निघताना मांजर आडवं गेलं म्हणून घरी परतले, पाय धुतले आणि दुसऱ्या रस्त्याने आले. मंडळी तोवर उपाशी. आणि जेवताना सगळ्यांसमोर म्हणाले, "ठरल्या तिथीला झालं तर झालं. हुकलं तर देवाच्या मनात न्हाई समजायचं. मंग आपण कावून जोर लावायचा?" तेव्हापासून हरिबाला घास गोड लागत नव्हता.

कारण ओसरीच्या कोपऱ्यात बाजेवर बायनाबाई होती. हरिबाची चुलती, पण तो तिला आत्ती म्हणायचा. आई लहानपणीच गेली, तेव्हा हिनेच त्याला वाढवलेला. आता तिचं वय कुणालाच माहीत नव्हतं, तिला तर नव्हतंच. उन्हाळा लागल्यापासून तिने अंथरूण धरलं होतं. लग्नाआधी तिला काही झालं तर सुतक, सुतक आलं की तिथी गेली, तिथी गेली की राधाकिशन गेले. म्हणून हरिबा रोज सकाळी उठला की तोंड धुवायच्या आधी तिच्या नाकाखाली बोट धरायचा.

"कावून रं?" बायनाबाई डोळे मिटूनच विचारायची. "मेले का बघतो?"

"न्हाई आत्ती, माशी बसलती."

"रोज एकच माशी कशी बसती रं, मेल्या?"

आता त्या काळजीवर ही लाकडाची काळजी. वाडीच्या आसपास रान सगळं उघडं. वखारीतल्या लाकडाचा भाव ऐकून हरिबा वखारवाल्याला राम राम घालून उलट्या पावली आला होता.

"मयतीला बघा," ताराबाई चुलीपुढून म्हणाली. "अर्जुनरावानी पारावरून एक हाळी दिली की घरटी एक लाकूड येतं. न मागता. आन लग्नाला कुणी काडी दीना."

खोटं नव्हतं ते. वाडीचा रिवाजच तसा. कुणी गेलं की सरपंच अर्जुनराव मारुतीच्या पारावर उभे राहायचे आणि प्रत्येक घरातून एकेक लाकूड निघायचं. भांडण असलेल्या घरातूनसुद्धा. सरणासाठी उचललेलं लाकूड मात्र पुन्हा घरात न्यायचं नसतं, हेही तितकंच पक्कं.

"अभद्र बोलू नको," हरिबा कोपऱ्याकडे बघत कुजबुजला.

तेवढ्यात फोन वाजला. सिरसाळ्याहून मेहुणा रामेश्वर, म्हणजे रोहिणीचा मामा. "दाजी, बांधावरची बाभूळ मागच्या वळवात पडलती बघा. वाळून खडंग झाली. पाह्यजे तर घेऊन जा. फुकट."

फुकट म्हटलं की हरिबाच्या अंगात वारं शिरायचं. सिरसाळा किती लांब, बाभूळ किती जड, आणायची कशी, असले प्रश्न त्याला पडलेच नाहीत. ते ताराबाईला पडले. "टेम्पो केला तर भाड्यात वखारीतलं लाकूड येईल की दुप्पट."

"टेम्पो कावून? बघू की काहीतरी परतीचं वाहन. रिकामं येणारं. डिझेलापुरतं."

"फुकटाचं हाय, महागात जाईल," ताराबाई म्हणाली. पण तोवर हरिबाने पिशवी काखेत मारली होती.

दुसऱ्या दिवशी नेकनूरचा बाजार. ताराबाईला बाजार करायचा होता, रोहिणीला बांगड्या भरायच्या होत्या. हरिबाने निघताना बायनाबाईच्या नाकाखाली बोट धरलं, शेजारणीला लक्ष ठेवायला सांगितलं आणि पहाटेची एसटी पकडली.

सिरसाळ्यात रामेश्वरने चोख काम करून ठेवलं होतं. फांद्या तोडून मोळ्या बांधलेल्या, मधलं खोड तेवढं लांबच्या लांब ठेवलेलं. "आचारी फोडून घेईल," तो म्हणाला. त्याच्या बायकोने एक पोतं गोवऱ्या भरून दिल्या आणि लग्नातल्या पूजेसाठी तिथल्या कुंभाराचं कोरं मडकं दिलं. मामाचा आहेर म्हणून एक पांढरीशुभ्र चादर दिली. सगळं झालं. राहिलं वाहन.

हरिबाने चौकात उभं राहून येणारी-जाणारी गाडी विचारली. एसटीच्या कंडक्टरने खोडाकडे बघून विचारलं, "याला खिडकीजवळची शीट पाह्यजे का?" एका पिकअपवाल्याने असं भाडं सांगितलं की हरिबाने त्याला, गाडी विकायलास का, असं विचारलं. ऊन चढलं, तसा हरिबाचा धीर सुटत चालला. रिकाम्या हाताने घरी गेलं तर ताराबाई काही बोलणार नव्हती. नुसती बघणार होती. ते जास्त वाईट.

तेवढ्यात रामेश्वर पळत आला. "दाजी, जमलं! नेकनूरचीच गाडी हाय. रिकामी परत चालली. ड्रायव्हर नुसत्या चहापाण्यावर तयार हाय."

"देवच पावला. कसली गाडी हाय?"

रामेश्वरने इकडे तिकडे बघितलं. "आधी बघून घ्या."

वडाखाली उभी होती ती गाडी पांढरी होती. दोन्ही बाजूंना काचा, टपावर कर्णा, पुढे झेंडूची सुकलेली माळ. कपाळावर मोठ्या अक्षरात लिहिलं होतं, 'वैकुंठरथ'.

नेकनूरला लेकाकडे राहणारे सिरसाळ्याचे एक म्हातारे सकाळीच मूळ गावी पोचते झाले होते. त्यांना पोचवून गाडी मोकळी झाली होती. ड्रायव्हर गहिनीनाथ बोनेटला टेकून निवांत सुपारी कातरत होता.

"मड्याच्या गाडीत लग्नाचं लाकूड?" हरिबाच्या तोंडचं पाणी पळालं.

"धुतली की मी," गहिनीनाथ दुखावल्या आवाजात म्हणाला. "आन खरं सांगू का पाव्हणं, मला तुमच्या लाकडाचं काही न्हाई. मला बोलायला माणूस पाह्यजे. माझ्या गाडीत मागचा बोलत न्हाई आन पुढचा रडत असतो. इतकी वर्षं झाली, मी बेजार झालो."

हरिबाने डोळे मिटले. डोळ्यांसमोर आधी राधाकिशन आले, मग आचारी, मग नुसती बघणारी ताराबाई. "कुणाला दिसलं न्हाई पाह्यजे," तो शेवटी म्हणाला.

मोळ्या खाली रचल्या, गोवऱ्यांचं पोतं पायथ्याशी ठेवलं. खोड मात्र इतकं लांब होतं की ते बरोबर मधल्या तिरडीच्या जागेवरच बसलं. काचेतून सगळं उघडं दिसत होतं. ओळखीचं कुणी भेटलं तर? हरिबाने मामाची ती पांढरी चादर काढली आणि खोडावर पायापासून डोक्यापर्यंत नीट पांघरली. कडा खोचल्या. लाकूड दिसेनासं झालं. हरिबाला हायसं वाटलं. त्याने लांबून एकदा बघायला हवं होतं, पण माणूस घाईत असला की लांबून बघत नाही.

मडकं मागे ठेवलं तर फुटलं असतं. म्हणून ते त्याने मांडीवर घेतलं आणि पुढे गहिनीनाथशेजारी बसला.

गहिनीनाथने चावी फिरवली. टपावरचा कर्णा खरखरला आणि संथ आवाजात रामनाम सुरू झालं.

"अहो, बंद करा ते!"

"गाडी बंद केली की बंद होतं. वायरमननं चावीलाच जोडलंय."

"मंग वायर तोडा!"

"मंडळाची गाडी हाय. अध्यक्ष मलाच मागं झोपवतील."

गाडी तेलगावकडे निघाली. पहिली गंमत गाव सोडायच्या आतच झाली. हॉटेलच्या बाकावरची माणसं गप्प झाली, उभी राहिली. एकाने टोपी काढली. हरिबाला कळेना. मग समोरून येणारा उसाचा ट्रॅक्टर मुकाट बाजूला थांबला. दोन बायांनी हात जोडले, आणि हरिबाच्या मांडीवरच्या मडक्याकडे बघून त्यातली एक डोळ्याला पदर लावू लागली.

"ही बया कावून रडायली?" हरिबाने घाबरून विचारलं.

गहिनीनाथने त्याच्याकडे बघितलं, मडक्याकडे बघितलं, आरशातून मागे बघितलं. "पाव्हणं," तो हळूच म्हणाला, "मागं चादरीखाली आडवं हाय. तुमी पुढं मडकं घेऊन बसलाव. आन वर रामनाम. मला जर कुणी सांगितलं की हे लाकूड हाय, तर मीबी न्हाई मानायचो."

हरिबाने झटक्यात मडकं खाली ठेवलं. पुढच्याच खड्ड्यात ते गडगडलं, तसं त्याने पुन्हा उचलून छातीशी धरलं. मग ते तसंच राहिलं.

धारूरचा घाट म्हणजे एरवी गाड्यांची मारामारी. आज सगळ्यांनी वाट दिली. एका वळणावर तर कुणाच्या तरी वाढदिवसाला निघालेली जीप थांबली, त्यातला धिप्पाड गडी उतरला, हातातला गुलाबाचा हार काचेच्या दारातून आत टाकला आणि हरिबाच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "कोण होतं?"

हरिबा खरं सांगायला गेला. "बाभ..." एवढंच आलं.

"बाबा! अरारारा." गडी गहिवरला. "बापाची जागा कुणी घेत न्हाई, भाऊ."

गहिनीनाथला घाटभर हसू आवरत नव्हतं. हरिबाला मात्र घाम फुटला होता. केज आलं, केज गेलं. आपल्याला ओळखणारं अजून कुणी भेटलं नाही, एवढाच आधार. "नेकनूरात शिरू नका," त्याने दहादा विनवलं. "आज बाजार हाय. भायेरून न्या."

"भायेरून पुलाचं काम चालू हाय. बाजारातूनच जावं लागतंय."

आणि बाजारात गाडी अडकली. एका बाजूला कांद्याची पोती, दुसऱ्या बाजूला शेरडं, मधे माणसंच माणसं. इंजिन चालू, म्हणून रामनामही चालू. लोक बाजूला सरकून हात जोडायला लागले. हरिबाने नजर खाली घातली आणि देवाचा धावा सुरू केला. एकदा सहज वर बघितलं, तर शेरडांच्या गर्दीत, एका बोकडाचं दावं हातात धरून, व्याही राधाकिशन उभे.

हरिबाने खांद्यावरचा टॉवेल ओढून तोंड झाकलं. त्याला तेवढंच सुचलं.

राधाकिशननी बघितलं. गाडीवरची अक्षरं वाचली. मडकं छातीशी धरून, टॉवेलात तोंड खुपसून बसलेला व्याही बघितला. चादरीखालचं लांब आडवं बघितलं. बोकड दुसऱ्याच्या हातात देऊन ते खिडकीशी आले.

"हरिबा," ते टोपी काढून म्हणाले, "धीर धरा."

हरिबा टॉवेलाच्या आत थिजला. गहिनीनाथला वाटलं, आता आपणच काहीतरी करून पाव्हण्याला वाचवलं पाहिजे. तो गंभीरपणे म्हणाला, "आत्ता बोलवू नका त्यायला. त्यायची अवस्था न्हाई." आणि यात तरी खोटं काय होतं?

पोती हलली, गाडी निघाली. बाजार मागे पडल्यावर हरिबाने टॉवेल काढला. तोंड पांढरंफटक. "त्यायनी बघितलं. लाकूड बघितलं. लग्नाचं लाकूड मड्याच्या गाडीत बघितलं. धीर धरा म्हनले. म्हंजी लग्न मोडलं."

"धीर धरा तर सगळेच म्हनतात मला," गहिनीनाथ म्हणाला.

"ते तुला न्हाई बे, मला म्हनले!"

खिशातला फोन वाजला. राधाकिशन. हरिबाला तो उचलायचा धीर झाला नाही. पुन्हा वाजला. त्याने फोनच बंद करून टाकला. वाडीचा फाटा आला तसं त्याने गाडी तलावाकडे वळवायला लावली. आता घरी तोंड काय दाखवायचं? पोरीला काय सांगायचं? तलावाच्या कडेला तो मडकं घेऊन बसून राहिला. गहिनीनाथने त्याला सुपारी दिली, गावाकडच्या गोष्टी सांगितल्या, शेवटी गाडीच्या सावलीत आडवा झाला. उन्हं कलली तेव्हा हरिबा उठला. "चल. जे व्हईल ते व्हईल."

पण जे व्हायचं ते तोवर झालं होतं.

व्याह्याचा फोन बंद लागल्यावर राधाकिशननी रोहिणीला फोन लावला. लग्न ठरल्यापासून रोहिणीचा फोन कधीच मोकळा नसायचा, आणि कुणाशी बोलत असायची ते राधाकिशनना त्यांच्याच मुलाला विचारता आलं असतं. ते सुचलं नाही. मग त्यांनी सरपंच अर्जुनरावांना गाठलं. "हरिबाच्या चुलतीचं बरं न्हवतं न? केजाकडून गाडी येताना बघितली मी. हरिबाच्या मांडीवर मडकं होतं."

अर्जुनराव तसेच हरिबाच्या घराकडे गेले. दाराला कुलूप. ओसरीत बाज, बाजेवर बायनाबाई नाही. शेजारीण म्हणाली, "मी शेतात गेलते. आले तर म्हातारी न्हवती."

"केजाकडून म्हंजी अंबाजोगाईच्या दवाखान्यातून," अर्जुनराव म्हणाले. "ही शेतात गेली तेव्हाच नेली असंल. नशीब बघा, लग्न तोंडावर." ते पारावर उभे राहिले आणि त्यांनी हाळी दिली.

म्हणून वैकुंठरथ वाडीत शिरला तेव्हा हरिबाला काय दिसलं? घरासमोर सगळी वाडी बसलेली. डोक्याला टोप्या, माना खाली. बाया एका बाजूला पदर घेऊन. पुढे राधाकिशन. अंगणात लाकडांचा हा मोठा ढीग, आणि ओसरीतली बाज मोकळी.

हरिबा खाली उतरला. मोकळ्या बाजेकडे त्याने बघितलं आणि मडक्यासकट तो जमिनीवरच बसला.

लग्न, तिथी, व्याही, सगळं तो त्या घडीला विसरला. रोज सकाळी या बाईच्या नाकाखाली बोट धरलं, पण ते तिच्यासाठी नाही, तिथीसाठी. लहानपणी तापात हिनेच त्याला रात्रभर मांडीवर घेतला होता. जत्रेत हरवला तेव्हा हीच अनवाणी सगळी जत्रा पालथी घालत फिरली होती. आणि आज ती गेली तेव्हा आपण कुठे होतो? फुकटची लाकडं आणायला.

"आत्ती!" त्याने हंबरडा फोडला. "मी न्हवतो गं! मला सोडून गेली!"

त्याबरोबर बायांनी गळा काढला. वाडीच्या बायांचं रडणं म्हणजे चार शिवारं ऐकणार. अर्जुनरावांनी हरिबाला सावरलं, चार गडी गाडीकडे पाठवले. गहिनीनाथ दोन्ही हात पसरून दारात आडवा उभा राहिला. "थांबा, थांबा! तसं न्हाई हो!" पण रामनामाच्या आवाजात त्याचं कोण ऐकतो? गाडी बंद करायची त्याला आठवणच राहिली नाही.

"म्हातारी लई जड झाली," खांद्यावर घेता घेता एक गडी म्हणाला.

"दवाखान्याचं पाणी भरतंय अंगात," दुसरा म्हणाला.

खाली टेकवताना चादर सुटली. गुलाबाच्या हाराखाली बाभळीचं खोड होतं.

बायांचं रडणं मधेच थांबलं. गहिनीनाथने धावत जाऊन चावी काढली, तसं रामनामही थांबलं. सगळी वाडी खोडाकडे बघत राहिली.

"म्हातारी कुठंय?" अर्जुनरावांनी विचारलं.

हरिबाने डोळे पुसले. "मी तुमालाच इचारणार होतो."

"आरं, तूच आणली न्हवं?"

"मी बाभूळ आणली!"

कुणाला काही उमगायच्या आत फाट्याकडून रिक्षा फटफटत आली. आधी ताराबाई उतरली, मग कानाला फोन लावलेली रोहिणी, आणि मग एक पाय बाहेर काढून, रोहिणीच्या खांद्याला धरून बायनाबाई. हातात भज्यांचा पुडा. बाजाराला जायचं म्हटल्यावर तिने सकाळीच उठून बसून भांडण काढलं होतं, की नातीच्या बांगड्या मी बघितल्याशिवाय भरायच्या न्हाईत. उन्हाळाभर बाजेवरून न उठलेली म्हातारी बांगड्यांच्या नावाने रिक्षात बसली होती.

तिने अंगणातली गर्दी बघितली, बायांचे पदर बघितले, लाकडांचा ढीग बघितला. मयतीला रडण्यात तिचा हात धरणारं वाडीत कुणी नव्हतं. पुडा ताराबाईच्या हातात देऊन तिने लगेच कपाळावर हात मारला. "अगं माय माय माय! कुनाचं गेलं गं! कसं गं सोन्यासारखं मानूस! काल तर बोललं गं माझ्यासंगं!"

एकही बाई साथ देईना. शेवटी तिने डोळ्यांवरचा पदर थोडा बाजूला केला. "रडायलेय मी. कोण गेलं ते तरी सांगा की."

"आत्ती," हरिबा म्हणाला, "तू."

बायनाबाईने एकेकाच्या तोंडाकडे बघितलं. मग पुडा परत घेतला. "मला न इचारता?"

हसू फुटलं असतं, पण राधाकिशन उभे राहिले. त्यांचा चेहरा उतरला होता. "हसण्यावारी नेऊ नका. मड्याच्या गाडीतून आलेलं लाकूड, बाजारात माझ्या सामोरं आलं. हे दुसरं सरणासाठी जमा झालेलं. आन याच्यावर माझ्या पोराच्या लग्नाची बुंदी? हरिबा, माणूस म्हनून तुमच्याबद्दल काही न्हाई माझं. पण एवढा अपशकुन घेऊन मी मांडवात पाय ठेवायचा न्हाई."

रोहिणीच्या हातातला फोन खाली आला. हरिबाने मडकं अजून धरलेलंच होतं. त्याला ते ठेवायला जागा सापडेना. "व्याही, चूक माझी हाय. लाकडं सगळी टाकून देतो. गॅसवर करू."

"आमचं लाकूड आमी माघारी नेणार न्हाई," मागून एकजण म्हणाला. "सरणाचं लाकूड घरात? कोण नेईल?" सगळ्यांनी माना हलवल्या.

"लाकूड कुनाच्या नावानं आणलं?" बायनाबाईने बाजेवर बसत विचारलं.

"तुमच्याच की, आजी," अर्जुनराव म्हणाले.

"मंग ते कुनाचं झालं?"

अर्जुनराव घोटाळले. "तुमचंच म्हनायचं."

"मी जित्ती हाय का मेलेली?"

"जित्ती."

"मंग माझं लाकूड माझ्या नातीला आहेर. जितं मानूस देतं ते आहेर असतो, सरण न्हाई. ज्याला कबूल न्हाई त्यानं आपलं लाकूड उचलावं." कुणीच उचललं नाही. मग ती व्याह्याकडे वळली. "आन तुमी, पाव्हणं. शकुनाचं तुमाला लई कळतंय म्हनं. तुमी बाजारात कावून आलते?"

"बोकड घ्यायला. देवकार्याचा."

"लग्नाच्याच कामाला निघालते न. आन समोरून मयताची गाडी आली. मढं सामोरं आलं तर काम व्हतं का बिघडतं?"

राधाकिशननी टोपी नीट केली. शास्त्र त्यांचंच होतं. "व्हतं," ते नाइलाजाने म्हणाले. "शुभ मानतात."

"बोकड मिळाला का?"

"मिळाला. सस्तात मिळाला."

"बघा! आन जित्त्या माणसाच्या मरणाची खोटी आवई उठली तर?"

"आयुष्य वाढतं त्याचं."

"मंग? मढं सामोरं आलं, आन कुनी मेलंबी न्हाई. शकुन तेवढा आला, सुतक न्हाई आलं. माझं आयुष्य वाढलं, म्हंजी लग्नात इघ्न यायची भीतीबी गेली. याच्यापरीस चांगला शकुन तुमच्या पाटोद्यात कुनी बघितला का सांगा."

राधाकिशननी बोटं मोजली. मनातल्या मनात उलटसुलट करून बघितलं, पण हिशेब कुठून मोडेना. शेवटी त्यांनी खोडावरचा गुलाबाचा हार उचलला आणि बायनाबाईच्या गळ्यात घातला. रोहिणीने तिथूनच फोन कानाला लावला आणि ती घरामागे पळाली.

लग्न ठरल्या तिथीला झालं. वाडीचं लाकूड इतकं जमलं होतं की भट्टी दिवसभर चालूनही दोन मोळ्या उरल्या. सिरसाळ्याच्या बाभळीला आचाऱ्याने हातच लावला नाही. "लई गाठाळ हाय," तो म्हणाला. "ही फोडण्यापरीस मी दुसऱ्याच्या लग्नाला जाईन." बुंदी मात्र अशी झाली की राधाकिशननी बांधून नेली. गहिनीनाथ मुद्दाम नवा शर्ट घालून जेवायला आला होता. गाडी त्याने हरिबाच्या विनंतीवरून फाट्यावर लावली होती.

सगळं पांगल्यावर ताराबाई खोडासमोर उभी राहिली. हरिबाकडे बघितलं. काही बोलली नाही. नुसती बघत राहिली.

"बाभळीला कुनी हात लावायचा न्हाई," बाजेवरून बायनाबाई म्हणाली. "ती माझी हाय. पोरगा एवढा लांबून घेऊन आला माझ्यासाठी."

खोड अंगणात कुडाच्या भिंतीला लागून पडून राहिलं. ताराबाईने एकदा पाणी तापवायला त्याची नुसती साल काढली, तर म्हातारीने संध्याकाळपर्यंत चहा घेतला नाही. मग पाऊस लागला. खोड भिजलं, फुगलं, त्याच्यावर अळंबी उगवली.

तिथीची भीती आता उरली नव्हती. तरी हरिबा रोज सकाळी उठला की तोंड धुवायच्या आधी बाजेजवळ जायचा आणि बायनाबाईच्या नाकाखाली बोट धरायचा. ऊन ऊन श्वास लागला की त्याचा दिवस सुरू व्हायचा.

"घाई करू नको रं," ती डोळे मिटूनच म्हणायची. "लाकूड अजून वलं हाय."